रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतंच

आसनगावहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये संडास नसतो. भातसेच्या काठच्या सापगावहून कामाला निघणारा माणूस आधी रिक्षाने शहापूर, तिथून आसनगाव स्टेशन गाठतो आणि मग जवळपास दोन तास गाडीत काढतो. ज्याचं पोट ठीक आहे तो या वेळात झोप काढतो. ज्याला पोट केव्हा मुरडा मारेल याचा भरवसा नाही, तो घरून निघण्याआधी तीनदा संडासला जाऊन येतो. चहा टाळतो. कुठल्या स्टेशनात कोणत्या फलाटावर स्वच्छतागृह आहे, हे त्याला पाठ असतं. बायकांचे हाल आणखी वेगळे. कामाच्या ठिकाणी धड सोय नसते, म्हणून त्या पाणी पिणंच कमी करतात आणि बद्धकोष्ठतेत भर पडते.

अशा माणसाच्या कपाटात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात दोन-तीन सोनोग्राफी, एक दुर्बिणीची तपासणी, शौचाचे रिपोर्ट आणि चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. सगळीकडे लिहिलेलं एकच, ‘नॉर्मल’. या दुखण्याचं नाव बरेचदा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस असतं. भारतातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्वसाधारण लोकांपैकी ४.२ टक्के लोकांना तो आढळला. शंभरात चार जण म्हणजे काही कमी नव्हेत. तरी याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि जे बोललं जातं त्यातलं बरंच चुकीचं असतं.

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे तुला काही झालेलंच नाही’

घरच्यांचं हे वाक्य रुग्णाला सर्वांत जास्त लागतं, आणि ते खरंही नाही. सोनोग्राफीत किंवा दुर्बिणीतून आतड्याची रचना दिसते. आयबीएसमध्ये रचना शाबूत असते. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत आणि त्याच्या संवेदनेत. १९७३ साली रिची नावाच्या ब्रिटिश संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा सरकवून तो हळूहळू हवेने फुगवला. ६० मिलिलिटर हवेला निरोगी माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखलं. आयबीएसच्या रुग्णांपैकी मात्र ५५ टक्क्यांना दुखलं. फुगा तोच, हवा तेवढीच. जो वायू दुसऱ्याला जाणवतही नाही, तो या माणसाला कळ आणतो. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालते. तिथला आवाज मोठा झालेला असतो, आणि तो फोटोत येत नाही.

म्हणूनच आयबीएसचं निदान मुख्यतः लक्षणांवरून होतं. तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखतं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, त्याच्या वेळांतल्या फरकाशी, घट्ट-पातळ होण्याशी, यांपैकी किमान दोहोंशी संबंध असतो. त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असते. २०१६ मध्ये ठरलेले हे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. ‘सगळे आजार नाकारून उरलं ते आयबीएस’ असं ते निदान नाही. रक्ताच्या मोजक्या तपासण्या, गरज पडली तर शौचाची एखादी, एवढ्यावर बहुतेक तरुण रुग्णांचं काम भागतं.

‘आतड्याला सूज आहे’, ‘जुनी आव आहे’

आपल्याकडे पोटाची तक्रार सांगितली की ही दोन निदानं हमखास मिळतात. आतड्याला खरोखर सूज आणणारे आजार आहेत, पण त्यांच्या खुणा रक्तात, शौचात, दुर्बिणीत सापडतात. आयबीएसमध्ये तशी सूज वा जखम दिसत नाही.

आवेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. शौचाच्या तपासणीत ‘अमिबाच्या सिस्ट’ असं लिहून येतं आणि मेट्रोनिडाझोलचा कोर्स सुरू होतो. चार महिन्यांनी पुन्हा तेच. अडचण अशी, की आव आणणारा अमिबा आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्येच हा फरक मांडून, नुसत्या सिस्ट दिसल्या म्हणून औषधाचा मारा करू नये असं सांगितलं होतं. खरी आव झाली की शौचात रक्त-शेंब पडते, माणूस आजारी दिसतो. तिला औषध हवंच. पण वर्षानुवर्षं मेट्रोनिडाझोल घेऊनही त्रास तसाच असेल, तर निदान पुन्हा तपासायला हवं.

या गैरसमजात सत्याचा एक कण मात्र आहे. दूषित पाण्यामुळे झालेला जोराचा जुलाब-उलटीचा आजार बरा होतो, जंतू निघून जातात, तरी काहींचं आतडं त्यानंतर नाजूकच राहतं. अशा आजारानंतर दहातल्या साधारण एकाला आयबीएस होतो. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये नळाच्या पाण्यात जंतू मिसळले आणि सुमारे २,३०० माणसं आजारी पडली. संशोधकांनी त्या गावाचा आठ वर्षं पाठपुरावा केला. पोटाचा तो आजार झालेल्यांपैकी दोन-तीन वर्षांनी सुमारे २८ टक्क्यांना आयबीएसची लक्षणं होती. आठ वर्षांनी हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आलं. म्हणजे त्रास लांबतो, पण पुष्कळांचा ओसरतोही. शहापूर तालुक्यातून मुंबईला भातसा, तानसा, मोडकसागरचं पाणी जातं आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. तिथे पाणी उकळून पिणं हा पुढच्या कित्येक वर्षांच्या पोटदुखीवरचाही उपाय आहे, आणि पाड्यावर स्वच्छ पाणी पोचवणं ही सरकारची जबाबदारी आहे.

‘पोट साफ झालं की सगळं बरं होईल’

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या टप्प्यातलं काहीही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने सामान्य असतं. आपल्याकडे बहुतेकांना रोज एकदा तरी होतं, त्यामुळे एक दिवस चुकला की घरात चर्चा होते. आयबीएसमध्ये संडासहून आल्यावरही ‘अजून राहिलंय’ असं वाटत राहतं. ही भावना संवेदना वाढल्यामुळे येते, आतडं रिकामं असलं तरी येते. मग माणूस कुंथत बसतो, रात्री चूर्ण घेतो. बाजारातल्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. तिने आतडं जोरात आवळतं, दुसऱ्या दिवशी कळ आणि जुलाब, तिसऱ्या दिवशी काहीच नाही, आणि चौथ्या दिवशी पुन्हा चूर्ण. बद्धकोष्ठता खरोखर असेल तर तिच्यासाठी सौम्य औषधं आहेत; ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

‘बेंबी सरकली’ हेही इथलंच. झोपवून बेंबीपाशी बोटं दाबतात, ठोका बाजूला लागला की चोळून ‘जागेवर’ आणतात. बोटांना लागणारा तो ठोका पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीचा, महाधमनीचा असतो. बेंबी सरकत नाही. हलक्या हाताने तेल लावून आराम वाटला तर गैर काही नाही, पण जोराने पोट रगडणं, आणि लहान मुलांच्या पोटावर डाग देणं तर अजिबात नको.

‘टेन्शन घेऊ नकोस, सगळं मनाचं आहे’

इथे जरा थांबू, कारण पुष्कळ रुग्णांचं आयुष्य इथेच अडकलेलं असतं.

ऑस्ट्रेलियात एका लोकसमूहाचा बारा वर्षं पाठपुरावा करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. ज्यांना आधी चिंता होती, त्यांच्यातल्या काहींना पुढे पोटाचा त्रास झाला. आणि ज्यांना आधी फक्त पोटाचा त्रास होता, त्यांच्यातल्या काहींना पुढे चिंतेने घेरलं. रस्ता दोन्हीकडून वाहतो. म्हणून ‘टेन्शनमुळे होतं’ हे अर्धंच सांगणं झालं.

लोकलमधल्या माणसाचं काय होतं ते पाहू. गाडीत चढताना मनात येतं, ‘आज मध्येच लागली तर?’ छाती धडधडते. भीतीच्या वेळी शरीरात सुटणारी संप्रेरकं मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात. पोटात गुडगुडतं. तो गुडगुडाट ऐकून भीती वाढते, लक्ष पोटावरच खिळतं आणि एरवी न जाणवणारी हालचालही कळ वाटू लागते. तो टिटवाळ्याला उतरतो. उतरताच बरं वाटतं. त्यातून मेंदू एकच शिकतो, की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी खडवलीलाच घाम फुटतो. पुढे लग्नाला जाणं, म्हशाच्या जत्रेला जाणं, देवदर्शनाची बस, एकेक सुटत जातं. जुलाबापेक्षा या धास्तीने जास्त नुकसान झालेली माणसं पुष्कळ आहेत.

ही साखळी तोडता येते. जेवल्यावर, विशेषतः सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर, मोठं आतडं आपसूक हलतं. उपाशी निघालात तर ती हालचाल पुढे चहा-वडापावनंतर, भलत्या ठिकाणी होते. त्यापेक्षा अर्धा तास लवकर उठा, कोमट पाणी किंवा चहा, सोबत थोडी भाकरी खा, आणि मग न कुंथता पाच-दहा मिनिटं बसा. गाडीत कळ आली तर पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. बहुतेक कळा येतात, चढतात आणि उतरतात. सुट्टीच्या दिवशी, कसलीही घाई नसताना आधी कल्याणपर्यंत जाऊन या. ते जमलं की ठाण्यापर्यंत. परीक्षा किंवा लांबचा प्रवास असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाईडची गोळी डॉक्टर आधी घ्यायला सांगू शकतात. ताप असताना किंवा शौचात रक्त पडत असताना ती घ्यायची नाही.

विचार आणि सवयी बदलण्याच्या अशा पद्धतशीर समुपदेशनाचा ब्रिटनमध्ये ५५८ रुग्णांवर अभ्यास झाला. औषधांनी गुण न आलेले हे रुग्ण होते. समुपदेशन फोनवरून किंवा इंटरनेटवरून दिलं, तरी वर्षभरानंतरही त्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्ट फायदा दिसला. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातल्या माणसासाठी फोनवरचा हा मार्ग मोलाचा आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. ती आयबीएससाठीच म्हणून नाही, पण पोटाच्या धास्तीने झोप उडाली असेल तर फोन करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन लिहिलं तर ‘मला वेड्याची गोळी दिली’ म्हणून चिठ्ठी फाडू नका. नैराश्यासाठी ते मोठ्या मात्रेत देतात. आयबीएसमध्ये १० ते ३० मिलिग्रॅम एवढी अल्प मात्रा आतड्याच्या वेदनेचे संदेश मंदावण्यासाठी असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६३ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत तिचा उपयोग दिसून आला. झोप येणं, तोंड कोरडं पडणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी.

‘हे सोड, ते सोड, फक्त मऊ भात खा’

कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यात त्या आंबतात आणि वायू धरतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने यावर आधारलेला आहार मांडला. त्यात हे पदार्थ दोन ते सहा आठवडेच थांबवायचे आणि मग एकेक परत सुरू करून नेमकं काय सोसत नाही ते शोधायचं असतं. लोक पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात. मग वर्षभर भातावर राहून वजन आणि रक्त दोन्ही घटतं. मुळातच कृश असलेल्यांनी आणि मुलांनी तर हा प्रयोग स्वतःहून करू नये.

शहापूर-मुरबाडकडचं साधं जेवण यात सोयीचं आहे. भात, तांदळाची भाकरी, मासे, अंडी यांत या शर्करा जवळपास नसतात. वाल बाधत असतील तर रात्रभर भिजवून, पाणी फेकून, थोडेच खाऊन पाहा. लसणाची चव हवी असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. वायू धरणारा भाग तेलात उतरत नाही.

कोंडा खाल्ला की पोट सुधारतं, हेही तपासून झालं आहे. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवरच्या २००९ च्या चाचणीत इसबगोलाने फायदा झाला. गव्हाच्या कोंड्याने मात्र अनेकांचा त्रास वाढला. इसबगोल एक छोटा चमचा, भरपूर पाण्याबरोबर सुरू करावा.

‘हे दुखणं पुढे कॅन्सरवर जाईल’

नाही. आयबीएसचा कॅन्सर होत नाही. पण प्रत्येक पोटदुखीला आयबीएस समजणंही चूक. शौचात रक्त, कारणाशिवाय घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पोटात गाठ, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर यांतलं काहीही असेल तर थांबू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही होतो. तो औषधाने बरा होतो, पण ओळखावा लागतो. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय इथून सुरुवात करता येते.

जाण्यापूर्वी दोन आठवडे वहीत लिहून ठेवा: काय खाल्लं, कळ केव्हा आली, शौच कसं झालं, त्या दिवशी मनावर कसला ताण होता, पाळी असेल तर तीही, कारण त्या दिवसांत पुष्कळ बायकांचा त्रास वाढतो. जुन्या रिपोर्टांची पिशवी सोबत न्या. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यांतलं धोक्याचं लक्षण मला आहे का? नसेल तर आणखी एक सोनोग्राफी कशासाठी?’ आणि उत्तर पटलं तर दर महिन्याला नवा डॉक्टर न शोधता त्यांच्याकडेच दोन-तीन महिने उपचार घ्या. आयबीएसची बरीच औषधं लागू पडायला तेवढा वेळ घेतात.