जुन्या मोटारसायकलच्या एंजिनाची जुळवणी

यंत्र जुने झाले म्हणजे त्याची शक्ती ओसरते, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अगदीच खोटा नाही. परंतु मोटारसायकलच्या एंजिनात पुष्कळदा असे आढळते, की भाग फारसे झिजण्यापूर्वीच त्यांच्यातील मेळ बिघडलेला असतो. हा मेळ पुन्हा साधण्याच्या क्रियेस कारागीर 'ट्यूनिंग' म्हणतात. आपण तीस जुळवणी म्हणू आणि तिच्यामागील तत्त्वे एका सुपरिचित एंजिनाच्या आधारे पाहू.

हे एंजिन म्हणजे ३५० सीसी वर्गातील जुनी 'बुलेट'. तिची आखणी इंग्लंडातील रॉयल एनफील्ड कंपनीची. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ही गाडी भारतात तयार होऊ लागली. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. व दट्ट्याची धाव ९० मि.मी. आहे. त्यावरून गणित केल्यास सिलिंडरचे आकारमान ३४६ घन सें.मी. येते.

चूषण, संपीडन, शक्ती आणि निष्कास अशा चार धावांत या एंजिनाचे एक आवर्तन पुरे होते. ते नीट चालण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : झडपा वेळेवर पूर्ण मिटल्या पाहिजेत, ठिणगी योग्य क्षणी पडली पाहिजे आणि हवा व पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळले पाहिजे. जुळवणीही याच क्रमाने करावी.

प्रथम झडपा. बुलेटमध्ये झडपा उघडणाऱ्या उभ्या दांड्या असतात. एंजिन थंड असता व दोन्ही झडपा मिटलेल्या असता त्या दांड्या बोटांनी सहज फिरल्या पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. दांडी फार घट्ट बसली तर झडप पूर्ण मिटत नाही. मग दाब निसटतो आणि निष्कासाची झडप जळू लागते. कारण त्या तप्त झडपेची बरीचशी उष्णता तिच्या बैठकीवाटेच बाहेर पडत असते.

नंतर ठिणगी. मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत पसरण्यास दोन-तीन सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला ३,००० फेरे होत असता तेवढ्या अवधीत क्रँक सुमारे ३६ ते ५४ अंश फिरतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. ती उशिरा पडली तर उष्णता निष्कासनळीतून वाया जाते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच दाब विरोध करतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉइंटमधील फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात व ठिणगीही लवकर पडते. यास्तव आधी फीलर गेजने फट नेमकी करावी (बुलेटसाठी ०.३५ ते ०.४० मि.मी.) आणि मगच ठिणगीची वेळ लावावी. उलट क्रमाने केलेले श्रम व्यर्थ जातात.

शेवटी मिश्रण. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलला केवळ ९ ग्रॅम पुरते. २०२५ पासून भारतात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र विकले जात आहे. त्यास सुमारे साडेतेरा ग्रॅमच हवा लागते. परंतु जुना कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलच्या प्रमाणाने आखलेला असल्यामुळे तो जवळजवळ पूर्वीइतकीच हवा देत राहतो. परिणामी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ होते आणि एंजिन अधिक तापू शकते. स्पार्क प्लगचे टोक पांढरे दिसू लागले तर तो विरळ मिश्रणाचा इशारा समजावा. काजळी धरली तर मिश्रण दाट आहे. मिश्रण विरळ असल्यास नीडल किंचित वर घेणे अथवा थोडा मोठा जेट बसवणे, हा उपाय होय. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने खराब होऊ शकतात, त्याही तपासाव्यात.

आता मूळ शक्तीहून अधिक शक्ती मिळवण्याचा मोह. संपीडन गुणोत्तर ६.५ वरून ८.५ केल्यास आदर्श चक्राची कार्यक्षमता सुमारे ५३ टक्क्यांवरून साडेसत्तावन टक्क्यांपर्यंत चढते. पण वाढत्या दाबाबरोबर तापमानही वाढते. मग ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटून एंजिन 'ठोकू' लागते. हवेने थंड होणाऱ्या जुन्या एंजिनात हे ठोकणे चालू राहिले तर दट्ट्याला भोक पडू शकते. शिवाय मूळ दाबासाठी घडवलेल्या बेअरिंगांवरील भारही वाढतो. म्हणून आधी हरवलेली शक्ती परत मिळवावी. नव्या शक्तीचा विचार त्यानंतर.

एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत नोंदवावा आणि गाडी चालवून पाहावी. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा व दोष कोणाचा, हे कळत नाही. एंजिन मात्र बंद खोलीत कधीही चालू ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राणघातक आहे.