आजोबांचा विसर आणि मेंदूतला गाळ

तुरीच्या सुगीत आम्ही एका घरी भेटीला गेलो होतो. आजोबा स्वतःच्याच शेताची वाट चुकून रात्री भालकी रस्त्याला सापडले होते. सून म्हणाली, “मुद्दाम करतात, फादर.” शेजारी म्हणाले, बाहेरचे असेल, दाखवून आणा. आम्हांस दोन्ही पटले नाही. असे वागणे पुष्कळदा मेंदूच्या आजाराचे असते.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई आली. तिला आपले नाव धड लिहिता येईना, नवऱ्याचा सारखा संशय येई. १९०६ साली ती वारल्यावर डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या मधल्या जागेत डाग होते आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो.

हे डाग म्हणजे ‘अमायलॉइड’ नावाच्या प्रथिनाचे तुकडे. ते प्रत्येकाच्या मेंदूत तयार होतात आणि एरवी वाहून जातात. पाटात गाळ साचावा तसे काहींच्या मेंदूत ते एकमेकांना चिकटून साचतात. आतले धागे ‘टाऊ’ या दुसऱ्या प्रथिनाचे. हळूहळू पेशींचा एकमेकींशी निरोप तुटतो व त्या मरतात. विसर दिसू लागण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे गाळ साचत असतो. म्हणून कालची गोष्ट आठवत नाही, पण लहानपणची आठवते. यात सोंग नाही.

प्रथिन म्हटले की कोणी तुरीचे वरण बंद करील! वरणातल्या प्रथिनाचा या डागांशी संबंध नाही. म्हाताऱ्या माणसाला ते अवश्य द्यावे.

मात्र सगळा दोष या डागांचा नव्हे. डाग असूनही शेवटपर्यंत शहाणी राहिलेली माणसे आहेत. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. ते डाग कमी करते, आजाराची चाल थोडी मंदावते, पण गेलेली आठवण परत आणत नाही, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आपल्या कर्नाटकातच, कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात, बेंगळूरचे शास्त्रज्ञ २०१८ पासून ४५ वर्षांवरील खेडूतांची वर्षानुवर्षे तपासणी करीत आहेत. रक्तदाब, साखर, तंबाखू, ऐकू कमी येणे यांचाही बुद्धिभ्रंशाशी संबंध आहे, आणि त्यांवर आपल्याला काही करता येते.

प्रत्येक विसर हा आजार नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉइड यांनीही विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो. एकाएकी भ्रम झाला तर ताप किंवा लघवीचा संसर्ग असू शकतो, थांबू नये. तेव्हा आधी बीदर किंवा कलबुर्गीच्या सरकारी इस्पितळात दाखवावे, मग बाकीचे.

तोवर आजोबांच्या खिशात गावाचे नाव व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्या कुलपात.