मकबूल आणि मक्तूल

इस्तंबूल शहरांत घोड्यांच्या शर्यतींच्या प्राचीन मैदानालगत एक भव्य दगडी वाडा उभा आहे. १९८३ सालापासून त्यांत तुर्की व इस्लामी कलांचें संग्रहालय आहे. ज्याच्या नांवानें हा वाडा ओळखला जातो, त्या इब्राहिम पाशाची कथा आमच्या विद्यार्थिमित्रांनीं अवश्य ऐकावी.

ग्रीस देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पार्गा हें गांव त्या काळीं व्हेनिसच्या अंमलाखालीं होतें. तेथें एका ख्रिस्ती कुटुंबांत इब्राहिमचा जन्म झाला. लहानपणींच तो गुलाम झाला व पुढें राजपुत्र सुलेमान याच्या पदरीं आला. मुलगा चलाख, अनेक भाषा जाणणारा व तंतुवाद्य वाजविण्यांत निपुण होता. धनी आणि चाकर यांचा दाट स्नेह जडला. १५२० सालीं सुलेमान तख्तावर बसला आणि १५२३ सालीं त्यानें इब्राहिमला एकदम मुख्य वजीर केलें. ज्येष्ठ वजीर अहमद पाशा डावलला गेला. त्याला मिसरची सुभेदारी मिळाली, परंतु १५२४ सालीं त्यानें तेथें बंड केलें. त्या प्रांताची घडी पुन्हा इब्राहिमनेंच बसविली.

एका गुलामाच्या हातीं एवढी सत्ता कां दिली जावी? कारण उघड आहे. जुन्या सरदार घराण्यांना जमीन, आप्त व अनुयायी यांचें बळ असतें. तीं केव्हां उलटतील याचा नेम नसतो. बादशहाच्या दासाला यांपैकीं कांहींच नसे. त्याचें पद हें वतन नव्हे. तें केवळ धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे.

ही मर्जी तेरा वर्षें टिकली. १५२६ सालीं मोहाचच्या रणांगणावर हंगेरीचा पराभव झाला, त्यांत इब्राहिमचा मोठा वाटा होता. बुडा शहरांतून आणलेले कांस्याचे पुतळे त्यानें आपल्या वाड्यासमोर उभारले; त्यावरून लोकांत कुजबुज झाली. १५२९ सालीं व्हिएन्नाचा वेढा फसला, तरी त्याचें वजन घटलें नाहीं. १५३४ सालीं तब्रीझ व बगदाद हीं शहरें तुर्कांच्या हातीं आलीं. पण याच मोहिमेंत त्याचें कोषाधिकारी इस्कंदर चेलेबी याच्याशीं वैर विकोपास गेलें व १५३५ सालीं चेलेबीला प्राणदंड झाला. शिवाय इब्राहिम आपल्या पदवीस ‘सुलतान’ हा शब्द जोडूं लागला. धन्याच्या मनांत विष कालवणारांस आतां निमित्त मिळालें.

१५३६ सालच्या मार्च महिन्यांत, रमजानच्या एका रात्रीं, तो राजवाड्यांत बादशहासमवेत जेवला व नेहमींप्रमाणें तेथेंच निजला. त्याच रात्रीं त्याचा गळा दाबून वध करण्यांत आला. ना चौकशी, ना उघड न्याय! संपत्ति सरकारजमा झाली. पूर्वीं लोक त्यास मकबूल, म्हणजे मर्जींतला, म्हणत. पुढें मक्तूल, म्हणजे वधलेला, म्हणूं लागले. दोन शब्दांत अंतर एका अक्षराचें!

गर्वाचें घर खालीं, एवढाच बोध यांतून घेतला तर तो अपुरा होईल. इब्राहिमचा गर्व खरा. पण त्याची कर्तबगारीही तितकीच खरी होती, आणि ती त्याच्या रक्षणास आली नाहीं. ज्या मर्जीनें त्याला चढविलें, तिच्यावर कोणत्याही कायद्याचा अंकुश नव्हता. म्हणूनच तिनें त्याला एका रात्रींत पाडलें. मोठ्या पदाची इच्छा धरण्यांत दोष नाहीं. परंतु तें पद न्यायाच्या पायावर उभें आहे कीं कोणाच्या कृपेवर, हें आमच्या मुलांनीं आधीं पाहावें आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं त्यांस पाहावयास शिकवावें.