हवापालटाचे गाव : तळेगाव दाभाडे

आपल्यापैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना ‘हवापालट’ या शब्दाचा अर्थ सांगायला नको. घरातले कुणी लांबलेल्या तापातून उठले किंवा छातीच्या दुखण्याने खंगले, की औषधाची बाटली हाती देऊन झाल्यावर डॉक्टर शेवटी म्हणत, ‘महिनाभर हवापालटाला न्या.’ मग वळकटी बांधली जाई, स्टोव्ह आणि चार भांडी बरोबर घेतली जात आणि घरातील एखादी आत्या किंवा मावशी आजाऱ्याच्या सोबतीला निघे. पुण्या-मुंबईच्या अनेक कुटुंबांची ही वाट मावळातील तळेगाव दाभाडे या गावी जाऊन थांबत असे.

तळेगावच का, याचे उत्तर भूगोलात आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फूट उंचीवर आणि पुण्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर वसलेले. घाटमाथ्यावरचा लोणावळ्याचा मुसळधार पाऊस इथपर्यंत येताना बराच ओसरतो. त्यामुळे हवा थंड असली तरी लोणावळ्याइतकी दमट नाही. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. तेव्हा बोरघाट मात्र प्रवाशांना पालखीत किंवा तट्टावर बसून ओलांडावा लागे. १८६३ मध्ये घाटातूनही गाडी धावू लागली आणि मुंबईच्या आजारी माणसाला अंथरुणातून उठून एका दिवसात तळेगावी पोहोचणे शक्य झाले.

पाहुण्यांआधीचे गाव

अर्थात हे गाव केवळ पाहुण्यांसाठी वसलेले नव्हे. नावातील ‘दाभाडे’ म्हणजे छत्रपती शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांचे घराणे. १७२९ मध्ये खंडेरावांचे निधन झाले. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले. दोन वर्षांत पती आणि पुत्र दोघेही गेले, तेव्हा सेनापतिपदाचा कारभार उमाबाई दाभाडे यांनी हाती घेतला. सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या भाविकांसाठी पायऱ्या बांधवून घेणाऱ्या उमाबाई त्या याच. त्यांची समाधी तळेगावात बनेश्वर मंदिराच्या परिसरात आहे. सबंध घराचा भार एका बाईने उचलल्याची ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तो भार किती जड झाला असेल, याचा विचार मात्र क्वचितच करतो.

पुढे स्वदेशीच्या काळात या गावाने आणखी दोन मोठी कामे पाहिली. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाचे केंद्र येथे चालले आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने ते बंद पाडले. दुसरे काम पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अगदी साधी होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. त्या काळी रुपयाचे पैसे चौसष्ट होत. एका पैशाने कुणाचे घर बुडत नव्हते आणि एकट्याच्या पैशाने काही उभेही राहत नव्हते. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या या फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काचेचा कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवला आणि तेथे कारागीरही घडवले. हा एक पैसा आपण लक्षात ठेवू या. लेखाच्या अखेरीस त्याची गरज लागणार आहे.

हवा, विसावा आणि सोबत

क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जाहीर केला, परंतु त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ पर्यंत हाती आले नव्हते. मधल्या साठ वर्षांत जगभरातील डॉक्टरांजवळ देण्यासारख्या तीनच गोष्टी होत्या : मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस आहार. युरोपातील डोंगरांत, अमेरिकेतील सॅरनॅक लेकसारख्या खेड्यात आणि आपल्याकडे पाचगणी, मिरज येथे त्यासाठी आरोग्यधामे उभी राहिली. तळेगावच्या रुग्णालयाच्या जुन्या नावातही ‘जनरल हॉस्पिटल’च्या जोडीला ‘कॉन्व्हॅलेसंट होम’ हे शब्द होते. दुखणे सरले पण शक्ती परतली नाही, अशा माणसाने राहण्याचे घर, असा त्यांचा अर्थ.

दुखणे सरणे आणि माणूस बरा होणे यांत काही आठवड्यांचे अंतर असते, हे त्या काळी सर्वांना मान्य होते. आज शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण घरी येतो आणि दहाव्या दिवशी त्याने पूर्ववत व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. वयस्कर शरीराला ही घाई मानवत नाही.

मग ही आरोग्यधामे ओस का पडली? औषधे आली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आपल्याच देशात सिद्ध झाले. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९५६ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवण्यात आले. काहींना तीच औषधे देऊन त्यांच्या गर्दीच्या, गरिबीच्या घरांत ठेवण्यात आले. आरोग्यधामातील रुग्णांना आहार आणि विश्रांती अधिक मिळाली, तरीही वर्षाअखेर दोन्हीकडचे गुण जवळपास सारखेच आले. घरच्या माणसांना होणारी लागणही त्यामुळे वाढलेली दिसली नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि क्षयोपचाराची जागतिक दिशा बदलली. औषध नियमितपणे पोटात जाणे हे हवेपेक्षा मोलाचे ठरले. (आजही दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप किंवा विनाकारण घटणारे वजन ‘वयोमानाने’ म्हणून सोडून देऊ नये. थुंकीची तपासणी व उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत.)

हा निष्कर्ष वरदानच होता. उपचार घरी आला. त्याबरोबर रात्रीचे जागरण, वेळेवरची गोळी, अंथरुणाची चादर आणि आजाऱ्याची चिडचिडही घरी आली. बहुतेक घरांत हे सारे एकाच व्यक्तीच्या वाट्याला गेले : पत्नी, सून, लेक किंवा स्वतःच पासष्टीला पोहोचलेला मुलगा. हवापालटामुळे पूर्वी आजाऱ्याला विसावा मिळे, तसा मागे राहिलेल्या घरालाही महिनाभर मिळे. ती सोय गेली आणि तिच्या जागी दुसरी आपण निर्माण केली नाही.

आजचे तळेगाव

आज तळेगावात औद्योगिक वसाहत आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठाल्या गृहसंकुलांची रांग आहे. जुने बंगले झाडीत कुठे कुठे उरले आहेत. तरीही ‘आई-बाबांना तिकडे हवा चांगली मिळेल’ या विचाराने घर घेणारी कुटुंबे आहेतच. विचार वाईट नाही, पण केवळ हवेवर विसंबू नये. आधी दोन-तीन महिने भाड्याने राहून पाहावे. एक थंडी आणि एक पावसाळा अनुभवावा. दम्याच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण गारठा आणि वाहतुकीची धूळ दोन्ही त्रासदायक ठरू शकतात. मध्यरात्री हाक मारली तर कोण येईल, याचे उत्तर मिळाल्याखेरीज जुने घर मोडू नये.

माणूस नव्या गावात कसा रुजतो, याचे उदाहरण तळेगावानेच दिले आहे. गो. नी. दांडेकर परतवाड्याला जन्मले, लहानपणीच घराबाहेर पडले, देशभर हिंडले आणि अखेर तळेगावात स्थिरावले. त्यांनी या परिसराचे गड पायांखाली घातले, मावळातील माणसांशी मैत्र जोडले आणि ‘पवनाकाठचा धोंडी’, ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्यांतून त्यांना मराठी साहित्यात आणले. हवेइतकीच ओळखीची माणसे माणसाला जगवतात. म्हणून नव्या गावी गेल्यावर वाचनालय, भजनी मंडळ, सकाळच्या फिरण्याचा कट्टा यांपैकी एखाद्या तरी ठिकाणी आपली रोजची जागा असावी.

आता त्या एका पैशाकडे वळू. आपल्या घरात कुणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळले असेल, तर एक कागद घ्या. त्यावर रोजच्या सेवेची कामे लिहा : सकाळचे औषध, अंघोळ, जेवण भरवणे, दुपारची सोबत, रात्रीची जाग. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहा. सगळीकडे एकच नाव आले, तर तो कागद भावंडांसमोर, नातवंडांसमोर ठेवा. दूरगावी असलेल्या मुलाने औषधे मागवण्याचे आणि डॉक्टरांशी बोलण्याचे काम घ्यावे. नातवाने रोज अर्धा तास आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवावे. शेजारणीने गुरुवारी दुपारी दोन तास बसावे. कुणाच्याही वाट्याला एका पैशाहून अधिक येणार नाही.

आणि त्यातून जमलेल्या चार दिवसांत, जिने वर्षभर घर सांभाळले तिला गाडीत बसवून द्या. तळेगावला म्हणा, माहेरी म्हणा, जिथे तिला सकाळी कुणी हाक मारून उठवणार नाही अशा कुठल्याही गावी. आजाऱ्याला औषध आहे. हवापालटाची गरज आता तिला आहे.