कल्पनेला पहिले पन्नास लाख

नवजात बाळाला ऐकू येतं की नाही, हे ओळखायचं कसं? २०१७ मध्ये आलेल्या 'सोहम' या भारतीय उपकरणात बाळाच्या डोक्याला तीन इलेक्ट्रोड लावतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूत उमटणाऱ्या विद्युतलहरी मोजतात. लहरी उमटल्या नाहीत, तर पुढची तपासणी करायची. गुंगीचं औषध लागत नाही, उपकरण बॅटरीवर चालतं. ते घडवलं एका छोट्या कंपनीने, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायोडिझाइन कार्यक्रमाच्या आधाराने.

हा आधार लागतोच. बँक तारण मागते, गुंतवणूकदार पुरावा मागतो, आणि तो पुरावा उभा करायलाच पैसा हवा असतो. या पेचावर उपाय म्हणून २०१२ मध्ये याच जैवतंत्रज्ञान विभागाने 'बायरॅक' ही सरकारी संस्था स्थापन केली. तिच्या 'बिग' योजनेत नव्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. हे कर्ज नव्हे, आणि त्या बदल्यात कंपनीतला हिस्साही द्यावा लागत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं 'व्हेंचर सेंटर' या योजनेचं भागीदार आहे.

यातल्या काही कल्पना फसणारच, आणि ती जोखीम सरकारनेच उचलायला हवी असं मला ठामपणे वाटतं. खरी अडचण त्यापुढे येते. चाचण्या पार केलेलं उपकरण सरकारी रुग्णालयांनी विकत घेतलं नाही, तर ते तालुक्याच्या प्रसूतिगृहापर्यंत पोहोचणार कसं? अनुदानाइतकंच लक्ष आता खरेदीकडे द्यायला हवं.