भिंतीमागचं पाणी

मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं की नजर लाटांकडे जाते. समुद्रात घातलेल्या भरावाची भिंत बांधणाऱ्या इंजिनिअरला मात्र जास्त धास्ती असते ती मागच्या बाजूची. ओहोटीला समुद्र उतरतो, पण भरावात मुरलेलं पाणी मागेच रेंगाळतं आणि भिंतीला समुद्राकडे ढकलू लागतं. मागे १ मीटर उंच पाणी साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन रेटा येतो. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट. म्हणून पाण्याला वाट द्यावीच लागते. पण वाट पाण्याला, मातीला नव्हे!

खरी मेख इथेच आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या बॅकबे भराव योजनेची दगडी भिंत गळकी निघाली. समुद्रतळातून उपसून आत टाकलेला चिखल फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. वकील खुर्शेद नरिमन यांनी योजनेच्या कारभाराविरुद्ध रान उठवलं. नरिमन पॉइंट त्यांच्याच नावाचा.

आता भिंत आणि भराव यांच्यामध्ये गाळणी घालतात: वाळू, मग खडी, मग मोठे दगड, प्रत्येक थर मागच्या थराचे कण अडवेल अशा बेताने. हल्ली कृत्रिम धाग्यांचं जाड कापडही अंथरतात. मला ही गाळणी भिंतीइतकीच मोलाची वाटते. ती फाटली, तर वरचा रस्ता खचेपर्यंत पत्ता लागत नाही.