कौटुंबिक हिंसाचार : पोलीस कारवाई व तपास

कौटुंबिक नात्याने एकाच घरात राहणाऱ्या वा राहिलेल्या व्यक्तीकडून स्त्रीचा होणारा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक किंवा आर्थिक छळ म्हणजे कौटुंबिक हिंसाचार होय. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ यातील व्याख्येचा हा आशय असून तो अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. रस्त्यावरील गुन्ह्याला अनेक साक्षीदार मिळू शकतात. घरातील गुन्ह्याची साक्षीदार बहुधा पीडित स्त्री एकटीच असते व पुष्कळदा तिला त्याच घरी परतावे लागते. त्यामुळे पोलिसांच्या पहिल्या नोंदीला येथे असाधारण महत्त्व प्राप्त होते.

कायद्याची पार्श्वभूमी : पती वा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेला दिलेली क्रूर वागणूक हा स्वतंत्र गुन्हा ठरविणारे कलम ४९८ अ भारतीय दंड संहितेत १९८३ मध्ये, तर हुंडाबळीविषयीचे कलम ३०४ ब १९८६ मध्ये समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेतील अनुक्रमे ८५–८६ व ८० या कलमांनी घेतली आहे. पोलीस यंत्रणेतच समाजकार्यकर्त्यांनी पीडितेला साहाय्य करावे, या हेतूने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्यात इतरत्रही असे कक्ष स्थापन झाले.

पहिली कारवाई : साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा असल्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना त्याचा तपास करता येत नाही. छळ मात्र दखलपात्र आहे. ठाणे अंमलदाराने केवळ त्या दिवशीची मारहाण विचारली, तर अदखलपात्र नोंद होऊन प्रकरण थांबते; पूर्वीचे प्रसंग, पैशाची मागणी, धमक्या व उपचार यांची चौकशी केली, तर त्याच हकिकतीतून दखलपात्र गुन्हा उघड होऊ शकतो. २००५ च्या अधिनियमानुसार संरक्षण अधिकारी, संरक्षण आदेश, मोफत विधिसाहाय्य व फौजदारी फिर्याद यांविषयी पीडितेला माहिती देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

नवी मुंबईतील परिस्थिती : नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची स्थापना १९९४ मध्ये झाली. त्याच्या हद्दीत ठाणे जिल्ह्यातील नवी मुंबई शहर आणि रायगड जिल्ह्यातील पनवेल व उरण हा परिसर येतो. सिडकोने वसविलेल्या या शहरात सातारा, सांगली येथून आलेल्या माथाडी कामगारांपासून परप्रांतीय नोकरदारांपर्यंत अनेकांची वस्ती आहे. माहेर दूर असल्याची अडचण येथे कायद्याच्या दृष्टीनेही जाणवते. कारण छळाची खबर सामान्यतः पीडिता किंवा तिचे नातेवाईक यांनी दिल्यासच तो गुन्हा दखलपात्र ठरतो. शेजारी ११२ क्रमांकावरून पोलिसांना बोलावू शकतो. पण छळाच्या फिर्यादीसाठी तेवढे पुरत नाही. मात्र सासर सोडून माहेरी आश्रय घेतलेल्या स्त्रीला तेथेही फिर्याद देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

तपास : जखमांची वैद्यकीय तपासणी, घटनास्थळाचा पंचनामा, शेजारी व माहेरच्या माणसांचे जबाब, पत्रे, बँकेचे व्यवहार आणि भ्रमणध्वनीवरील संदेश ही पुराव्याची मुख्य साधने होत. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केल्यास वा तिचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवविच्छेदन करवून घेतले जाते. भाजलेली स्त्री बोलण्याच्या स्थितीत असल्यास वैद्यकीय अभिप्राय घेऊन तिचा मृत्युपूर्व जबाब शक्यतो दंडाधिकाऱ्यामार्फत नोंदवितात.

पुण्यातील एका नवविवाहितेच्या १९८२ मधील विषबाधेने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात खालच्या न्यायालयांनी पतीला दिलेली देहान्ताची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द करून त्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी अखंड असली पाहिजे, हे त्या निकालातील तत्त्व आजही प्रमाण मानले जाते.

अटक व संरक्षण : अर्नेश कुमार वि. बिहार राज्य (२०१४) या निकालानुसार सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची आवश्यकता तपासून तिची कारणे नोंदवावी लागतात. याचा अर्थ फिर्याद नाकारावी असा नव्हे. आरोपी मोकळा असताना पीडितेला न्यायालयाच्या संरक्षण आदेशाचा आधार असतो. त्याचा भंग दखलपात्र व अजामीनपात्र असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या गुन्ह्यात केवळ पीडितेच्या साक्षीवरूनही न्यायालय दोषसिद्धीचा निष्कर्ष काढू शकते.